एकच तारीख

"आणि आमच्या सिस्टीममध्ये तारीख एकच असते," बसक्या आवाजाचा माणूस म्हणाला. "एका ऑर्डरला एकच तारीख. विक्रीला तीच दिसणार, मशीनवर तीच दिसणार, मालकांनाही तीच."

तारीखबाईंना चहाचा ठसका लागला.

ठसका साधासुधा नव्हता. फोरमनने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. विक्रीच्या साहेबांनी आधी स्वतःचे कागद वाचवले आणि मग "सावकाश, बाई, सावकाश" म्हणाले. मालकांनी पंखा कमी करायला सांगितला. पंख्याचा आणि ठसक्याचा काय संबंध, हे मालकांनाच ठाऊक. पण कुठलीही अडचण आली की काहीतरी कमी करायचं, हा त्यांचा जुना स्वभाव.

"एकच म्हणजे, अगदी एकच?" डोळे पुसत बाईंनी विचारलं.

"एकच."

"आणि समजा, एखाद्याला जरा वेगळी सांगायची झाली तर?"

"वेगळी कशाला सांगायची?" त्याला प्रश्नच कळला नाही. दिवसभर या कारखान्यातून त्या कारखान्यात हेच बोलून बिचाऱ्याचा घसा बसला होता, पण असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. निदान उघडपणे तरी.

कारखाना झाकणांचा होता. औषधाच्या बाटलीचं झाकण, तेलाच्या डब्याचं झाकण, शाम्पूचं टिचकीने उघडणारं झाकण. बाटली उघडताना माणूस आत काय आहे याचाच विचार करतो, झाकणाची आठवण होते ती ते हरवल्यावर. पण झाकणाचंही एक शास्त्र असतं. कुठल्या मशीनवर कुठला साचा कधी चढवायचा आणि कुठल्या रंगानंतर कुठला रंग घ्यायचा, यावर सगळा खेळ. पांढऱ्यामागून पिवळा चालतो, पिवळ्यामागून लाल, लालामागून काळा. पण काळ्यामागून पांढरा घ्यायचा म्हटलं तर मशीन आतून धुऊन काढावं लागतं, आणि एवढं करून पहिली पोतंभर झाकणं करडी निघतात ती निघतातच.

हा सगळा खेळ बाई एकट्या खेळत. त्यांच्या खोलीत भिंतभर एक लाकडी फळा होता. त्याला ओळीने हुक आणि हुकांना रंगीत पट्ट्या अडकवलेल्या. ऑर्डर आली की बाई पट्टी लावत, मागेपुढे सरकवत, आणि मग कुणीतरी दारातून डोकावून विचारी, "बाई, तारीख?" म्हणून त्या तारीखबाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच पडून होतं.

आता त्या फळ्याच्या जागी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरत होतं. गिऱ्हाइकं वाढली होती, मशीनं वाढली होती, आणि एका मोठ्या औषध कंपनीने स्पष्टच सांगितलं होतं की भिंतीवरच्या पट्ट्यांवर आमचा भरवसा नाही. तीन कंपन्या बोलावल्या. मालक तसे भले, पण निर्णय म्हटलं की तो दुसऱ्यावर ढकलत. त्यांनी जाहीर करून टाकलं, "फळा बाईंचा, तेव्हा सॉफ्टवेअर बाई म्हणतील ते."

पहिल्या कंपनीची माणसं चौघं आली. त्यांच्या सिस्टीमला सगळं येत होतं. कारखाना समजून घ्यायलाच फक्त त्यांना वर्षभर लागणार होतं. मालकांनी पंखा बंद करायला सांगितला. दुसऱ्या कंपनीचा तरुण गोड बोलणारा होता. "प्रत्येक खात्याला स्वतंत्र पडदा देतो आम्ही," तो म्हणाला. "कोणाला काय दिसावं, ते सगळं मॅडमच्या हातात." बाईंनी मनात तिथल्या तिथे टिळा लावला. हे घ्यायचं. आणि आज हा तिसरा, बसक्या आवाजाचा, एकच तारीखवाला.

ठसका का लागला ते आता सांगायला हवं. तारीखबाई कुणालाही खरी तारीख सांगत नसत.

माल बुधवारी तयार व्हायचा असेल, तर विक्रीच्या साहेबांना त्या शुक्रवार सांगत आणि फोरमनला सोमवार. खरा बुधवार त्यांच्या पोटात. विक्रीच्या साहेबांना कारखान्यात होसाहेब म्हणत, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांना खरी तारीख दिली तर ते ती फोनवर वाटून मोकळे होणार, आणि एखादं मशीन बिघडलं की बोलणी बाईंनी खायची. फोरमनला खरी तारीख दिली तर तो आदल्या दिवशी जागा होणार. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी सगळ्यांना खरं सांगून पाहिलं होतं. त्या वर्षी त्यांनी जेवढं ऐकून घेतलं तेवढं आयुष्यात पुन्हा कधी ऐकलं नाही. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला.

पण खोटं बोलायला जीभ पुरते, ते निभवायला डोकं लागतं. कुणाला काय सांगितलंय हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून कामही दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही. बाईंना रजा म्हणून कधी मिळाली नाही. नात्यातल्या लग्नात त्यांचा फोन वाजे, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना वाजे. एकदा दाताच्या डॉक्टरांनीच तो उचलला आणि विचारलं, "मॅडम, लाल झाकणं कधी म्हणून विचारतायत." बाईंनी तोंडात कापूस असताना बोटांनी शुक्रवार सांगितला.

हे सगळं चाललं असतं. न चालण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे आई.

आई भावाकडे राहायची, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मोडली, दोन्ही वेळा बाईंमुळे. एकदा औषध कंपनीची ऑर्डर आडवी आली, एकदा दोन साचे एकाच दिवशी फुटले. आईचं म्हणणं साधं होतं. लेक हात धरायला आल्याशिवाय ती टेबलावर चढायची नाही. भावाने समजावलं, वहिनीने समजावलं, डॉक्टर रागावले. आई ढिम्म.

"डॉक्टरांकडे तारखा पुष्कळ आहेत गं," ती फोनवर म्हणायची. "आधी तुझी आण."

आणि सगळ्या जगाला तारखा वाटणाऱ्या बाईंना आईला द्यायला एक तारीख सापडत नव्हती.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा पुढच्या खोलीत मशीनवर बसला होता. तो शिंपी. गळ्यात टेप, दातांत टाचणी, आणि बायको दिसली की ती टाचणी काढून बोलायचा.

"काय, ठरलं का तुमचं यंत्र?"

"दुसरं घ्यावं म्हणतेय. वेगवेगळ्या पडद्यांचं."

"आणि तिसरं?"

"ते एकच तारीख दाखवतं सगळ्यांना. आमच्याकडं नाही चालायचं. दोन दिवसांत डोकी फुटतील."

"तुझ्या भावाचा फोन आला होता," नवरा म्हणाला. "म्हणत होता, आता आई नळ कुठाय ते हाताने चाचपून बघतात. काल चहा कपाच्या बाहेर ओतला."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. पॅंट शिवायला टाकून बरेच दिवस झालेला माणूस.

"कधी मिळेल?"

"परवा या," नवरा म्हणाला.

"म्हणजे पुढच्या आठवड्यात," गिऱ्हाईक म्हणालं, आणि न रागावता निघून गेलं. नवऱ्याने टाचणी परत दातांत धरली. बाईंच्या डोक्यात आईचा सांडलेला चहा होता, त्यांचं इकडे लक्षच गेलं नाही.

मालकांचा मात्र आग्रह पडला की दोन्ही सिस्टीमची चाचणी घ्यायची. पडदेवाल्याची आधी झाली. तो तरुण हुशार. त्याने आपल्याच घरची नमुन्याची आकडेवारी घातली, सगळं हिरवंगार दिसलं, सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली. बसक्या आवाजाचा म्हणाला, "मी तुमच्याच ऑर्डरी घालतो, तुमच्याच आकड्यांनी." त्याने होसाहेबांकडून गिऱ्हाइकांच्या तारखा घेतल्या, फोरमनकडून साचा बदलायला आणि रंग धुवायला किती वेळ लागतो ते घेतलं, आणि बाईंकडून माल तयार व्हायच्या तारखा. बाईंनी त्याला फोरमनसाठीच्या, म्हणजे अलीकडच्या दिल्या. सवयीने.

ठरल्या सकाळी सगळे पुन्हा त्याच खोलीत बसले. त्याने भिंतीवर चित्र पाडलं आणि सगळ्यांचे चेहरे लाल झाले, कारण चित्र वरपासून खालपर्यंत लाल होतं. एकही ऑर्डर वेळेत बसत नव्हती. औषध कंपनीची पांढरी झाकणं तर पुढच्या वर्षी तयार होणार होती.

होसाहेबांनी चष्मा वर केला, चित्र पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "अहो, तुमचं यंत्र म्हणतंय पुढच्या वर्षी. आणि ती बघा, तीच झाकणं ट्रकमध्ये चढतायत."

खरंच चढत होती. हमाल पांढऱ्या झाकणांची खोकी फळीवरून आत ढकलत होते. फोरमन खो-खो हसला.

"मी तुमचेच आकडे घातलेत, साहेब," तो माणूस म्हणाला. घसा आणखी बसला होता, त्यामुळे तो रडतोय की बोलतोय ते कळेना. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"आता आमच्या आडालाच नावं ठेवा!" होसाहेब म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

मालकांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. निर्णय आपोआप होत होता. "मग हे बाद. ते पडद्यांचं घेऊ. काय, बाई? तुम्ही म्हणाल तसं."

सगळे बाईंकडे बघू लागले.

घोडं कुठे पेंड खातंय, हे बाईंना चित्र पाहताक्षणी कळलं होतं. हो म्हणायचं, की पडद्यांचं सॉफ्टवेअर येणार. विक्रीला शुक्रवार, मशीनला सोमवार, सगळं आजच्यासारखं, फक्त लाकडी फळ्याऐवजी काचेवर. झाकली मूठ झाकलीच राहणार. आणि फोन वाजत राहणार. आई नळ चाचपत राहणार. असं आणखी किती चालायचं, याची तारीख मात्र कुठल्याच पडद्यावर नव्हती.

बसक्या आवाजाचा माणूस वायरी गुंडाळायला लागला होता.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "यंत्राची चूक नाहीये. तारखा खोट्या आहेत."

"कुणाच्या?"

"माझ्या."

बाईंनी एकदा बोलायला सुरुवात केली आणि मग थांबल्याच नाहीत. खरा बुधवार, विक्रीचा शुक्रवार, फोरमनचा सोमवार, सगळं. बोलताना त्या टेबलावरच्या डागाकडे बघत होत्या. आता होसाहेब उसळणार, फोरमन टोपी आपटणार आणि मालक नोकरीवरून काढणार, याची त्यांना खात्री होती. खाई त्याला खवखवे. एवढी वर्षं खवखवत होतं, ते आज बाहेर पडलं.

आधी हसला तो फोरमन.

"बाई, हे मला कधीचं ठाऊक आहे."

"कधीचं म्हणजे?"

"आलो त्याच्या पुढच्याच वर्षी कळलं. तुम्ही सोमवार म्हणालात की मी बुधवार धरतो. आमची सगळी पोरं धरतात. नवा माणूस आला की आम्ही त्याला आधी हेच शिकवतो."

"आणि मला तुम्ही शुक्रवार म्हणालात," होसाहेब घसा साफ करत म्हणाले, "की मी गिऱ्हाइकाला बुधवार सांगतो. उगाच का माल वेळेवर पोचतो आपला? गिऱ्हाईक माझं ऐकून गुरुवार धरत असेल, तो त्याचा प्रश्न."

जो बुधवार बाईंनी जिवापाड पोटात जपला, तो सगळ्या कारखान्याच्या खिशात होता.

"आणि मी म्हणून साचा बदलायला दुप्पट वेळ लिहितो," फोरमन म्हणाला. "कारण तुम्ही तो अर्धा कापता."

"आणि मी गिऱ्हाइकाची तारीख अलीकडची लिहितो," होसाहेब म्हणाले. "कारण तुम्ही ती पुढं ढकलता."

"हे सगळं मी यंत्रात घातलं?" बसक्या आवाजाच्या माणसाने कपाळाला हात लावला.

मालकांनी पंखा पुन्हा कमी करायला सांगितला. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मला कुठली तारीख सांगायचात, बाई?"

"तुम्ही कधी विचारलीच नाहीत, मालक."

यावर सगळ्यात मोठ्याने मालकच हसले. होसाहेब हसले, फोरमन टेबलावर थापा मारत हसला, वायरी गुंडाळणाराही हसला, आणि हसताना त्याचा उरलासुरला आवाजही गेला. बाईंना आधी फार लाजल्यासारखं झालं. सगळ्यात हुशार आपणच, या समजुतीवर त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि मूठ उघडली तर आत काही नव्हतंच. पण लाज दोन क्षण टिकली. मग खांद्यावरून पाण्याची भरलेली घागर कुणीतरी उतरवून घ्यावी तसं झालं. मान वळवून बघितली तर वळत होती. बाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

दुपारी खरे आकडे घातले. फोरमन एकेक वेळ सांगताना "ही खरी हं, अगदी आईशपथ" असं म्हणत होता. होसाहेबांना गिऱ्हाइकाची खरी तारीख तोंडातून काढताना दाढ काढल्यासारखं होत होतं. चित्र पुन्हा पाडलं तेव्हा ते बरंचसं हिरवं होतं, आणि बाईंच्या खोलीतल्या फळ्याशी जवळजवळ जुळत होतं. एका ठिकाणी जुळत नव्हतं. बाई उठून भिंतीजवळ गेल्या. यंत्राने दोन लाल ऑर्डरी एकामागून एक घेऊन एक धुणं वाचवलं होतं.

"हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं," बाई म्हणाल्या. "हेच घेऊ या."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने टाचणी काढून विचारलं, "मग यात मला नवीन काय सांगितलंस?"

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं?"

"भिंतीवरचं घड्याळ तू पुढं ठेवतेस. मी ते मागं धरून चालतो. आपली एक तरी बस चुकली का आजवर?"

सॉफ्टवेअर नीट बसायला काही महिने गेले. सुरुवातीला माणसं पडद्यावर तारीख बघत आणि खात्री करायला बाईंच्या दारात येत. "बाई, हा बुधवार म्हणजे बुधवारच ना?" बाई म्हणत, "बुधवारच." माणसं मान हलवत जात आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला विचारत. एक-दोन भांडणंही झाली. होसाहेबांनी एका गिऱ्हाइकाला चक्क नाही म्हटलं आणि दिवसभर आजारी असल्यासारखे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाने पुढच्या आठवड्याची तारीख मुकाट्याने कबूल केली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. फळ्यावरच्या पट्ट्या उतरल्या. हुक रिकामे दिसतात म्हणून फोरमनने पहिल्यांदा आपला डबा अडकवला, मग छत्र्या आल्या, मग किल्ल्या. फळा कुणी कचऱ्यात टाकला नाही, हे बाईंना आवडलं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी आईला फोन लावला.

"आई, शुक्रवारी येते. दादाला सांग, शनिवारची घे म्हणावं डॉक्टरांची."



"म्हणजे बुधवारी," आई म्हणाली.

"नाही गं. शुक्रवारी."

"मला नको शिकवू. लग्न झाल्यापासून ऐकतेय. रविवार म्हणायचीस आणि शुक्रवारी दारात. आम्हाला आनंद व्हावा म्हणून दोन दिवस पुढची तारीख सांगतेस, मला कळत नाही का?"

"आई, या वेळी शुक्रवार म्हणजे शुक्रवारच. खरी तारीख आहे."

"बरं बरं," आई म्हणाली. लहान मुलाची समजूत काढावी तसं.

शुक्रवारी दुपारी बाई बसमधून उतरल्या. ऊन चांगलंच होतं. भावाच्या घराच्या गल्लीत वळल्यावर त्यांना लांबूनच दिसलं. दाराबाहेर खुर्ची, खुर्चीत आई. बाहेर जायचे कपडे, विंचरलेले केस, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ती रस्त्याच्या दुसऱ्याच टोकाकडे तोंड करून बसली होती.

वहिनी आतून लगबगीने बाहेर आली. "अहो ताई, बुधवारपासून अशाच बसल्यात या. रात्री झोपायला तेवढं आत. जेवणसुद्धा इथंच. मी किती सांगितलं, शुक्रवारी म्हणाल्यात. म्हणे, तुला नाही कळायचं."

चपलांचा आवाज ऐकून आईने मान वळवली. "आलीस?"

"आले, आई."

"दोन दिवस उशीर केलास."

बाई साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या दिवशी आल्या होत्या, आणि नेमक्या त्या दिवशी उशीर पदरात पडला होता. हा उशीर आजचा नव्हता, हे त्यांना पुरतं समजलं. त्या खुर्चीशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी आईचा हात धरला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "झाला उशीर."

शनिवारी आई टेबलावर चढली. चढण्याआधी तिने लेकीचा हात इतका घट्ट धरला की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. समोर कुलर घरघरत होता, शेजारी एक म्हातारं जोडपं हळू आवाजात कुणाच्या चष्म्याचा नंबर जास्त यावर वाद घालत होतं. फोन पर्समध्ये होता. तो वाजला, आणि बाई सवयीने उभ्याच राहिल्या. पडद्यावर फोरमनचं नाव होतं.

"काय झालं? कुठलं मशीन?"

"काही नाही, बाई. सगळं चालू आहे." पाठीमागे मशीनांचा खडखडाट ऐकू येत होता. "आईंचं कसं झालं ते विचारायला केला. होसाहेबही विचारतायत."

"अजून आत आहे."

"बरं. तुम्ही निवांत या. इथलं बघायला आम्ही आहोत." मग तो म्हणाला, "पिवळ्यानंतर लालच घेतलंय हं. तुम्हाला वाटेल म्हणून सांगितलं."

बाई परत बसल्या. आपल्यावाचून काही अडत नाही, हे कळून जरा टोचलं. पण टोचलं ते तेवढंच, आणि मग त्या बाकावरच भिंतीला डोकं टेकून चक्क झोपल्या. भर दुपारी, लोकांत, पर्स मांडीवर घेऊन. वहिनीने येऊन हलवलं तेव्हा ऑपरेशन होऊन आईला बाहेर आणलं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी काढली. त्यांनी आईला बोटं दाखवली, आईने बरोबर मोजली. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, आईने वेळ सांगितली. "छान," डॉक्टर म्हणाले, आणि थेंब कसे घालायचे ते भावाला सांगू लागले.

आई हळूच वळली. आधी तिने खिडकी बघितली, मग स्वतःच्या हातांच्या शिरा बघितल्या, मग समोर बसलेल्या लेकीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मधेच तिचा चेहरा बारीक झाला.

"केस पांढरे झाले गं तुझे," ती म्हणाली. "कधी झाले?"

तारीखबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कुठलीच तारीख आठवेना, अलीकडची नाही, पलीकडची नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मान खाली घातली, आणि आईला नीट दिसावं म्हणून डोकं तिच्याजवळ नेलं.